किमची कशात घालायची?

इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स सोडून इतकी वर्षं झाली, तरी तिथल्या गोल चौकांत, राउंडअबाउटवर, मी अजून चुकते. परवा कॉव्हेंट्रीहून एका मैत्रिणीच्या मुलीच्या डोहाळजेवणाला निघाले होते. शेजारच्या सीटवर ओटीचं सामान, डोक्यात उशीर झाल्याची धास्ती, आणि नेमकं अशाच वेळी भलत्या राउंडअबाउटला भलतंच वळण घेतलं. त्या गावातले सगळे राउंडअबाउट एकाच आईची लेकरं असल्यासारखे दिसतात, त्यात माझी काही चूक नाही. पाहते तो काय, समोर आमची जुनी गल्ली.

आता आलेच आहे तर बघू, म्हणून गाडी लावली आणि घरांच्या मागून जाणाऱ्या लाल पायवाटेनं चालत गेले. तिला तिथे रेडवे म्हणतात. दोन जोडघरं, मध्ये एक सामाईक भिंत, मागे दोन चिंचोळ्या बागा आणि त्यांच्यामध्ये लाकडी कुंपण. डावं घर आमचं, उजवं मिसुनचं. कुंपण आता नवं आहे. आमच्या हिरवळीवर कुणाच्या तरी मुलांचं ट्रॅम्पोलिन आहे. मी तिथे उभी राहून चक्क नाक वर करून वास घेतला. कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा थांबले आणि "यू ऑल राइट, लव्ह?" म्हणाले. मी म्हटलं, ऑल राइट. वास कसलाच नव्हता. कपडे वाळवायच्या मशिनची गोडसर वाफ तेवढी येत होती, आणि ती काही वास म्हणण्याच्या लायकीची नाही.

आमच्या वेळी त्या दोन घरांना वास होता. आणि नुसता नाही, तक्रार करण्याजोगा होता.

दोन हजार सहाची गोष्ट. आम्ही नुकतेच तिथे राहायला गेलो होतो. समीर, म्हणजे माझा नवरा, सकाळी अंधारात ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी अंधारात परत यायचा. मी नोकरी शोधत होते, म्हणजे घरी होते. मला तेव्हा गाडी येत नव्हती, आणि त्या गावात गाडी न येणं म्हणजे पाय नसण्यासारखंच होतं. त्या पहिल्या महिन्यात मी घर भाड्यानं देणाऱ्या लेटिंग एजंटला फोन करून कळवलं की शेजारच्या बाजूनं ड्रेन फुटल्याचा वास येतोय. प्लंबर आला, जमिनीला नाक लावून गेला, ड्रेन ठणठणीत आहे म्हणाला. त्याच आठवड्यात आमच्या दारात गॅसवाला हजर. शेजारून गॅस लीक होतोय अशी तक्रार होती. मी तेव्हा आमटीला फोडणी देत होते. तो बिचारा हातातलं यंत्र पुढे धरून घरभर फिरला आणि शेवटी माझ्या हिंगाच्या डबीपाशी येऊन थबकला. दाराबाहेर शेजारीण उभी होती. अंगात नवऱ्याचा कोट, पायात सपाता, चेहरा ओशाळा. मी तिला आत बोलावून हिंग हुंगायला दिला. मग तिनं मला तिच्या घरी नेलं आणि फ्रिज उघडून माझा फुटलेला ड्रेन दाखवला. लसणात न्हालेला लालभडक कोबी, म्हणजे किमची.

ती मिसुन. नवऱ्याच्या नोकरीपायी दक्षिण कोरियातल्या देगू शहरातून आलेली, माझ्याच वयाची, माझ्याइतकीच रिकामी. तिचं इंग्लिश आणि माझं इंग्लिश दोन वेगळ्या शाळांतलं होतं, पण दोघींच्या शाळा बेताच्याच असल्यामुळे जमून गेलं. दुपारी आम्ही घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला पाठ लावून बसायचो आणि टीव्हीवर जुन्या फर्निचरचे लिलाव बघायचो. तिनं मला चॉपस्टिक्सनी पोहे खायला शिकवले. एकेक शेंगदाणा पकडेपर्यंत तीन वाजायचे, आणि तीन वाजले की दिवस सरलाच. ओल्या कोटांचा वास, रेडिएटरवरच्या मोज्यांचा वास, तिच्या भाजलेल्या तिळाच्या तेलाचा वास. मला त्या गावात दुसरं कोणी नव्हतं. समीर होता, पण नवरा हा साडेसहानंतरचा माणूस. दिवसाचं माणूस म्हणजे मिसुन.

ऑक्टोबरात सासूबाई आल्या. सांगलीहून, सहा महिन्यांच्या व्हिसावर, मांडीवर चिनी मातीची बरणी घेऊन. लोणचं खालच्या बॅगेत दुहेरी पिशवीत होतं, पण रिकामी बरणी सामानात टाकायला त्या तयार नव्हत्या. विमानभर ती गोधडीत गुंडाळून त्यांच्या मांडीवर बसून आली. वरून तपकिरी, खालून पांढरी, पोट सुटलेली, त्यांच्या लग्नाइतकी जुनी. हीथ्रोवर अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय आहे? आई म्हणाल्या, "बरणी." त्यांच्या मते एवढं पुरेसं होतं, आणि गंमत म्हणजे त्यालाही पुरलं.

आईंच्या लोणच्याचे नियम सांगलीत आमच्या घरी जितके कडक होते तितकेच मिल्टन कीन्सलाही लागू झाले. बरणीला ओला हात नाही. ओला चमचा नाही. बरणीकडे बघून शिंकायचं नाही. इथे ऊन नव्हतं, म्हणून धुतलेली बरणी हेअर ड्रायरनं वाळवली. मग हिंगाची धुरी. निखारे कुठून आणायचे, म्हणून आईंनी तवा तापवून त्यावर हिंग टाकला आणि बरणी उपडी धरली. छतावरचा स्मोक अलार्म असा काही बोंबलला की मिसुन ओला टॉवेल घेऊन धावत आली. आईंनी तिला धुरातून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ओला टॉवेल बाहेर ठेव गं." मराठीत. त्या तिच्याशी शेवटपर्यंत मराठीतच बोलल्या. ती त्यांना कोरियन भाषेत उत्तर द्यायची. दोघींचं माझ्यावाचून काही अडलं नाही.

आता मिसुनचं गुपित सांगायला हवं. तिला किमची करता येत नव्हती. महिन्यातून एकदा तिचा नवरा लंडनच्या कडेला न्यू मॉल्डनला जायचा, तिथे कोरियन दुकानं आहेत, आणि डबाभर विकतची किमची आणायचा. पण दर रविवारी वेबकॅमवर तिची सासू यायची. ओमोनिम. कोरियात सासूला असंच म्हणतात, आणि आम्हीही तेच म्हणायला लागलो. तिला मिसुन सांगायची की किमची घरची आहे. दुकानाचं लेबल दिसू नये म्हणून ती किमची आधी काचेच्या बाटलीत भरायची. एका रविवारी ओमोनिमनं ती बाटली बघितली.

"काचेत?" ओमोनिम म्हणाली. "ती काय टाकीतली मासळी आहे बघत बसायला?"

किमची मातीच्या रांजणात करतात. तुझा रांजण दाखव.

मिसुन कुंपणावरून उडी मारून आली. आई वामकुक्षी घेत होत्या. मी लिंबाच्या लोणच्यासकट बरणी उचलून तिच्या हातात दिली. आई उठायच्या आत परत आण, एवढंच म्हटलं. वेबकॅमसमोर ती बरणी पोट पुढे काढून बसली, आणि ओमोनिमचा चेहरा उजळला. वा, परदेशात राहून सुनेनं असं भांडं मिळवलं! नव्या वर्षाला मी येते, म्हणाली. त्या बरणीतली किमची खायला.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. ओमोनिमला मुलगा परत हवा होता. देगूला त्याच्यासाठी नोकरी तयार होती आणि वरच्या मजल्यावर खोली झाडून ठेवलेली होती. तुम्ही तिथे हॉटेलात राहिल्यासारखे राहता, घर झालेलं नाही, असं तिचं म्हणणं. घर झालंय का ते मी किमची चाखून सांगीन, नसेल झालं तर सामान बांधा. मुलगा आईपुढे मान वर करणाऱ्यातला नव्हता. मिसुनला परत जायचं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. सुनेला सासूच्या घरी परत का जायचं नाही, हे सांगलीच्या सुनेला विचारावं लागत नाही. आणि ती गेली असती तर माझे दिवस पुन्हा लिलाव बघण्यात गेले असते, तेही एकटीचे.

झालं, आम्ही कामाला लागलो. मिसुननं बहिणीकडून फोनवर कृती लिहून घेतली. चायनीज कोबी मिठात मुरवायचा, धुऊन निथळायचा, तांदळाच्या पिठाच्या पेजेत मिरची, आलं, लसूण कालवून पानापानाला फासायचं. इथवर सोपं होतं. पुढे दाबून भरायचं, आपल्याच पाण्यात बुडून राहिलं पाहिजे, आणि वर जागा सोडायची, कारण किमची श्वास घेते. पण भरायचं कशात? बरणी मी मागूच शकत नव्हते. मिसुनच्या कृतीत माशाचा सॉस होता, आणि आईंच्या बरणीत इतक्या वर्षांत कांदासुद्धा गेला नव्हता.

पहिली किमची आइस्क्रीमच्या डब्यात घातली. दोन दिवसांत झाकण उचललं गेलं आणि फ्रिजमधल्या दुधापासून श्रीखंडापर्यंत सगळ्याला लसणाचा सुगंध आला. समीरनं सकाळी चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसला लवकर गेला. दुसरी घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत. ती मिसुननं उघडली तेव्हा शॅम्पेनसारखा आवाज झाला. लाल शिंतोडे थेट छतापर्यंत. भाड्याच्या घराचं पांढरं छत! आम्ही दोघी खुर्चीवर चढून टूथपेस्ट लावून ते पांढरं करत होतो आणि इतक्या हसत होतो की खुर्चीच डुगडुगायला लागली. तिसरी माझ्या स्टीलच्या डब्यात. त्याचं झाकण भर दुपारी उडून पडलं, गोल गोल फिरत राहिलं, आणि आईंनी झोपेतून विचारलं, "कोण आलंय गं?"

चौथी युक्ती समीरची. तो इंजिनिअर असल्यामुळे बरेच दिवस गप्प बसलेला होता. रविवारी नाश्त्याला त्यानं जाहीर केलं, "तुम्ही प्रॉब्लेमच नीट डिफाइन केलेला नाही. हवा आत जायला नको आणि गॅस बाहेर जायला हवा. बरोबर? मग घरात असं एक भांडं आधीच आहे." आणि त्यानं कपाटातून प्रेशर कुकर काढला. रबर आहे, वजनाची शिट्टी आहे, स्टेनलेस स्टील आहे. आम्ही दोघी थक्क झालो. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला.

तो अभिमान त्या आठवड्याच्या इन्स्पेक्शनपर्यंत टिकला. लेटिंग एजंटची मुलगी घर तपासायला आली होती. गालिचे बघितले, भिंती बघितल्या, छताकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग स्वयंपाकघरात आली. गॅस बंद होता. कुकर ओट्यावर थंड बसला होता. आणि त्यानं शिट्टी दिली. एक लांबलचक, ओली, लसणाची शिट्टी. ती मुलगी दोन पावलं मागे सरली.

"इज समथिंग कुकिंग?"

आई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे मान हलवली. "नो कुकिंग. कोबी."

ती गेल्यावर मी हसून मिसुनकडे बघितलं, तर मिसुन रडत होती. कुकरमधली किमची वरून वाळून काळपटली होती. ओमोनिम यायला फारसे दिवस उरले नव्हते. मिसुन टेबलावर डोकं टेकून म्हणाली, "शी विल टेक अस होम." आईंना इंग्लिश कळत नव्हतं, पण एवढं कळलं. "हे सगळं कशापायी चाललंय?" त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं, बरणी वेबकॅमवर जाऊन आली हे सोडून.

"अगं, मग रडतेस काय?" आई मिसुनला म्हणाल्या. "सासूच येतेय ना? सासू म्हणजे काय वाघ असतो का?"

मला एकदम सिंकमधली भांडी आठवली आणि मी घासायला उभी राहिले.

मागे वळून बघते तर आई बरणीतलं लिंबाचं लोणचं काचेच्या बाटल्यांत काढत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं लोणचं काचेत गेलं. अट एकच, मासा नको. मिसुन म्हणाली, तिकडे बुद्धाच्या देवळातले भिक्षू बिनमाशाची करतात. "मग देवळातलीच कर," आई म्हणाल्या. मिरची त्यांनी आपली सांगलीहून आणलेली ब्याडगी दिली. बरणी वाळली, धुरी झाली, अलार्म झाला. कोबी भरला. आईंनी बरणीच्या तोंडावर पांढरा दादरा बांधला आणि गाठ मारताना पुटपुटल्या, "यश दे रे बाबा." कुठल्या देवाला ते त्यांनाच ठाऊक, पण त्या देवाला बहुधा किमची माहीत नव्हती.

ओमोनिम यायच्या आदल्या दिवशी मिसुन आणि मी तिच्यासाठी जाड रजई आणायला शॉपिंग सेंटरला गेलो. बसनं जाऊन बसनं परत, म्हणजे सगळी दुपार गेली. दार उघडलं तर घरात खमंग वास. फोडणीचा. हॉलमधल्या रेडिएटरवर आईंचं जुनं सुती लुगडं पसरलेलं, आणि त्यावर कोबीचं एकेक पान धोबीघाटासारखं वाळत पडलेलं. बरणी स्वच्छ पुसून उभी. शेगडीवर मोहरीची फोडणी गार होत होती.

"बरं झालं मी दादरा सोडून बघितलं," आई म्हणाल्या. "नुसतं पाणी सुटलं होतं! फेस आला होता वर. ओतून दिलं सगळं. पानं कोरडी केली, आता वरून तेल सोडते. वाचलं हो तुझं लोणचं."

जन्मभर लोणचं घातलेल्या बाईनं बरणीत पाणी बघितलं की दुसरं काय करणार? आमच्याकडे पाणी म्हणजे लोणच्याचा शत्रू. मिसुनच्या किमचीचा जीव त्या पाण्यात होता, आणि तो सिंकमधून वाहून गेला होता. मिसुन रेडिएटरसमोर उभी राहिली. मग तिनं कमरेत वाकून "थँक यू, आई" म्हटलं आणि रजई घेऊन घरी गेली. तिच्या पाठीकडे बघवेना.

मी आईंना सांगितलं, ते पाणी हवं असतं. त्या लुगड्यावरची पानं हळूहळू गोळा करत राहिल्या.

"उद्या मीच सांगते तिला," शेवटी म्हणाल्या.

"कुणाला?"

"तिच्या सासूला. चूक माझी आहे, पोरीची नाही."

"अहो आई, पण कुठल्या भाषेत?"

"सासूच्या."

ओमोनिम उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी होती. केस कुरळे करून घेतलेले, अंगात जांभळं फुगीर जाकीट, आणि डोळे असे की घरात शिरल्या शिरल्या सगळं मोजून झालं. मिसुनच्या टेबलावर भात, सूप, आणि मधोमध बरणी. मिसुनचा नवरा ताटाकडे बघत बसला होता. ओमोनिमनं दादरा सोडला, एक पान उचललं, तोंडात टाकलं. चावलं. थांबली. मग भातातला खडा काढावा तसा जिभेवरून मोहरीचा एक दाणा बोटावर घेतला आणि उजेडात धरला.

आई उठल्या. आधी बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. मग मराठीत, हातवारे करून, सगळं सांगितलं. असं पाणी दिसलं. असं ओतलं. असं वाळवलं. अशी फोडणी दिली. फोडणी देताना "चर्रर्र" असा आवाजही केला. शेवटी मिसुनच्या डोक्यावर हात ठेवून नाही, नाही अशी मान हलवली. ओमोनिमनं ते अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आणि मग ती हसायला लागली. टेबलाला धरून, डोळे पुसत, जाकिटाची चेन उघडून हसली. आईही हसल्या. आम्ही तिघं मात्र हसावं की नाही न कळून बसून होतो.

हसणं ओसरल्यावर तिनं मिसुनला काहीतरी विचारलं. मिसुन लाल झाली आणि तिनं खाली बघून उत्तर दिलं. वेबकॅमवरची किमची कुणी केली होती, असा प्रश्न होता. दुकानची, मिसुननं कबूल केलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ओमोनिम म्हणाली. घरची किमची इतकी सारखी कापलेली कधी असते का?

मग तिनं बोटाच्या पेरानं बरणीवर टकटक केलं आणि कान लावला. आईंनी दुसऱ्या बाजूनं टकटक केलं आणि कान लावला. बरणीच्या दोन बाजूंना दोन सासवा. ओमोनिमनं अंगठा वर केला, आणि मग हातांनी दाखवलं, छान आहे, पण लहान. मोठं हवं.

दुसऱ्या दिवशी मिसुनच्या नवऱ्यानं आम्हा सगळ्यांना गार्डन सेंटरला नेलं. ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. काचेचं छत, त्यावर धुकं, ओल्या मातीचा आणि कॅफेतल्या भाजलेल्या स्कोनचा वास, आणि कुंड्यांच्या लांबलचक रांगेतून चाललेल्या त्या दोघी. एक जांभळ्या जाकिटात, एक नऊवारीवर समीरचा कोट घालून. प्रत्येक कुंडीपाशी थांबायचं, पेरानं वाजवायचं, ऐकायचं. आई माठ घेताना सांगलीच्या बाजारात जशा वाजवतात अगदी तशीच ओमोनिम वाजवत होती. बद्द आवाज आला की दोघी एकदम मान हलवून पुढे. कधी एकीला आवडायचं आणि दुसरीला पटायचं नाही, मग पुन्हा वाजवणं, आपापल्या भाषेत वाद. तिथला मुलगा येऊन म्हणाला, "कॅन आय हेल्प यू, लेडीज?" आईंनी त्यालाच एक कुंडी वाजवून दाखवली. त्यानंही कान लावला, काय करणार? शेवटी दोघींचं एकमत झालं. कमळ लावायचं, बुडाला भोक नसलेलं, उंच निळं कुंडं. ते खणखणीत वाजत होतं.

ओमोनिमनं किमची केली, माशाचा सॉस घालून, आणि ब्याडगीचा रंग बघून आणखी मागून घेतली. आई नाकाला पदर लावून तिला मीठ देत होत्या. त्यात मासा आहे याकडे त्यांनी दुसरीकडे बघून दुर्लक्ष केलं. मग ते कुंडं मिसुनच्या बागेत गळ्यापर्यंत पुरायचं ठरलं. जमीन गोठलेली, मालकाची हिरवळ, आणि आम्ही सगळे फावडी घेऊन. कुंडं खाली गेल्यावर वर ताटली, ताटलीवर दगड, आणि आईंनी कुणी न सांगता त्यावर दादरा बांधला.

ओमोनिम हात झटकत उभी राहिली आणि मुलाला उद्देशून काहीतरी बोलली. मिसुननं फावडं खाली टाकलं.

"काय म्हणाली?" मी घाबरून विचारलं.

मिसुनला हसू आवरेना. ओमोनिम म्हणत होती, मला वाटलं होतं, माझी सून इथे मोकाट सुटलीय, विचारणारं कोणी नाही. पण शेजारी एक सासू आहे. सासू आहे म्हणजे घर आहे. राहा.

मी ते भाषांतर करून सांगितल्यावर आई समाधानानं म्हणाल्या, "समजूतदार बाई आहे." शेजारच्या सासूचा व्हिसा एप्रिलपर्यंतचाच आहे, हे आम्ही कोणीच ओमोनिमला सांगितलं नाही.

तो उरलेला हिवाळा किती चांगला होता! सकाळी बागेत जाऊन दगड उचलायचा, दादरा सोडायचा, आणि थंड, आंबट, तिखट असा तो वास अंगावर यायचा की नाकातली सर्दी पळून जायची. पानांत कधी बर्फाचे बारीक खडे असायचे आणि दाताखाली कुरकुर वाजायचे. मी ती किमची ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचे. आई त्यांची स्वतःची फोडणीची खायच्या, आणि ओमोनिमनं देगूला जाताना त्याच फोडणीच्या किमचीचा एक डबा बॅगेत घालून नेला. एप्रिलमध्ये आई गेल्या, बरणी मांडीवर घेऊन. रिकाम्या बागेत ट्यूलिप आले, आणि मिसुन माझ्याकडे येऊन फोडणी द्यायला शिकली.

आणि मग, तिला ठेवून घ्यायला एवढा खटाटोप करून, गेलो आम्हीच. समीरला कॉव्हेंट्रीला चांगली नोकरी मिळाली. मी मिसुनला सांगितलं तेव्हा ती गॅसपाशी होती. ती वळली नाही. दोन दिवस कुंपणापलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं, रागावली. तिनं रागवावं असंच ते होतं, आणि मलाही कुणावर तरी रागवायचं होतं, पण कुणावर ते कळत नव्हतं. पुढे काही वर्षांनी तिनंही ते घर सोडलं. आमचे फोन आधी आठवड्याला, मग नव्या वर्षाला, मग कधीतरी, असे विरळ होत गेले.

पण ते दोन दिवस सरल्यावर, आम्ही निघायच्या आधीच्या त्या रविवारी, ती आली. लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि वेबकॅम लावला. समोर ओमोनिम. जाकीट तेच. तिनं माझ्याकडे बोट रोखलं आणि बोलायला सुरुवात केली. किती वेळ बोलली! मध्ये आवाज चढला, मध्ये बोटानं टेबलावर टकटक केलं, मध्ये चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मी मान खाली घालून ऐकत होते, जशी आईंपुढे ऐकते. माझ्या डोळ्यांतलं पाणी कीबोर्डवर पडत होतं आणि मिसुन तिच्या बाहीनं ते टिपत होती. मग ओमोनिम थांबली आणि उत्तराची वाट बघत बसली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

मिसुननं एवढ्या सगळ्याचं भाषांतर तीन शब्दांत केलं.

"शी सेज, नो."

आम्ही महिन्याअखेर गेलो. ओमोनिमची परवानगी मला अजून मिळालेली नाही.